चार बोटं उंच

साडूने नवी पिकअप आणली, त्या दिवशी थोरल्याने तोंडभर कौतुक केलं, चाकावर दोनदा हात फिरवला आणि घरी येऊन दुपारचं ताट तसंच सरकवलं.

थोरला म्हणजे फर्निचर बनवणाऱ्या एका सुताराचा मोठा जावई. अकरा वर्षं तो सासऱ्यांच्या कारखान्यातली कपाटं आणि पलंग आपल्या पिकअपमधून गिऱ्हाइकांकडे पोचवत होता. धाकटा जावई घरात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि आता त्यानेही तोच धंदा धरला. वर गाडी घेतली ती उंच, दांडग्या चाकांची. सासऱ्यांनी लगेच डोंगरावरच्या वसतिगृहाच्या खुर्च्या त्याच्याकडे सोपवल्या.

"काय उंच आहे हो!" बायको म्हणाली. "आत बसलं की अख्खी गल्ली दिसते."

"गल्ली बघायचीय तर गच्चीवर जा."

"पोटात दुखतंय वाटतं कुणाच्या?"

"माझं कशाला दुखेल?"

दुखत तर होतंच. स्वतःची गाडी पुसताना त्याला ती बसकी वाटू लागली, जमिनीला पोट लावून बसलेल्या म्हशीसारखी. एका सकाळी धाकटा कारखान्यात चहा पीत असताना थोरल्याने टेप काढली आणि त्याच्या गाडीचा मागचा फळका जमिनीपासून किती वर आहे ते मोजलं. आपल्या गाडीपेक्षा बरोबर चार बोटं जास्त.

"दादा, काय मोजताय?" धाकटा कप घेऊनच बाहेर आला.

"काही नाही. टेप बरोबर आहे का बघतोय."

शोरूममध्ये गाडी उंच करायच्या सामानाचा भाव ऐकून तो आल्या पावली परतला. मग गावाबाहेर गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेला.

"गाडी उंच करायची," थोरला म्हणाला.

"का? रस्त्यात पाणी तुंबतं?"

"नाही."

"खाणीत जाते?"

"नाही हो."

पाटेवाल्याने चष्म्यावरून पाहिलं. "शेजाऱ्याने केली का?"

"साडूने घेतली."

"अस्सं. मग किती बोटं, तेवढंच सांगा."

पुढच्या स्प्रिंगांवर बसवायला लेथवर कातलेल्या जाड चकत्या, मागे आस आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे, त्यांना धरायला लांब बोल्ट, आणि भंगारातून निवडलेले चार मोठे टायर, असं ठरलं. थोरल्याने आणखी स्वस्तात बसवायचा प्रयत्न केला. "ठोकळे लाकडाचे चालतील का? सासऱ्यांकडे फुकट मिळतील."

पाटेवाल्याने पाना खाली ठेवला. "मग दुसरं गॅरेज बघा. आणि ब्रेकचे पाइपही लांब टाकणार आहे, तिथे घासाघीस करायची नाही."

दोन दिवसांत काम झालं. पूर्ण वळवलं की चाक मडगार्डला घासायचं, म्हणून पाटेवाल्याने मडगार्डची आतली कड कापली. "वळणावर झुकेल. दमानं घ्या," त्याने बजावलं. थोरल्याचं लक्ष नव्हतं. तो समोरच्या दुकानाच्या काचेत स्वतःची गाडी बघत होता.

सोमवारी ऐटीत कारखान्यात शिरून त्याने गाडी नेहमीसारखी माल चढवायच्या ओट्याला मागून लावली. तीन दारांचं सागवानी कपाट जायचं होतं. एरवी दोघं जण ते ओट्यावरून सरळ गाडीत सरकवत. आज कपाट गाडीच्या कडेला अडलं. आणखी दोघांना हाक मारावी लागली. चौघांनी "उचल, उचल" करत वर घेतलं, तेवढ्यात एकाचा हात सटकला आणि कपाटाचा कोपरा फुटला.

आवाज ऐकून सासरे बाहेर आले. त्यांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं, मग वाकून गाडीखाली पाहिलं.

"उंच केलीत होय?"

"हो, जरा..."

"हा ओटा तुमच्या गाडीच्या मापाने बांधला होता मी. लग्नानंतर महिन्याभरातच. धाकट्यांची गाडी इथे लागत नाही, म्हणून तर त्यांना खुर्च्या देतो. खुर्ची काय, एका हाताने चढते."

थोरल्याने ओट्याकडे पाहिलं. "बाबा, हे कधी बोलला नाहीत."

"ओट्याचं काय बोलायचं? रोज त्यावरच तर उभे असता."

"मी उद्याच उतरवून घेतो गाडी."

"छे! हौसेने केलीत, उतरवताय कशाला? ओट्याची फरशी तशीही फुटलीय. चार बोटं वर घेऊ. दोघांच्याही गाड्या लागतील."

नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. ते कुठल्या तोंडाने सांगणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आठवड्याभरात ओटा वाढला. विटा वाहायला धाकटा आपणहून आला. घाम पुसत म्हणाला, "दादा, बरं झालं बघा. कपाटं नेहमी तुम्हालाच मिळायची. मला वाटायचं, बाबांचा माझ्यावर विश्वासच नाही. खोटं कशाला बोलू, जळायचो मी तुमच्यावर."

ते ऐकून थोरल्याला रडावं की हसावं कळेना. हा आपल्यावर जळत होता, आणि ते कळायचं कधी, तर जळण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा! इतके दिवस त्या सुखाचा एक घोटसुद्धा घेता आला नव्हता.

पुढची कपाटांची मोठी ऑर्डर धाकट्याने नेली. थोरल्याच्या वाट्याला वसतिगृहाच्या चाळीस खुर्च्या आल्या. गाडी घाट चांगली चढली, फक्त दर वळणावर झुकली की तो जीव मुठीत धरायचा. वर पोचल्यावर वसतिगृहाच्या बाईंनी त्याच्या मागे डोकावून पाहिलं.

"आज ते नाही आले? नेहमीचे?"

"मी त्यांचा मोठा साडू."

"हो का? ते खुर्च्या आतपर्यंत लावून द्यायचे हो. फार सज्जन माणूस."

थोरल्याने चाळीसच्या चाळीस खुर्च्या आत नेल्या आणि पाच ओळींत मांडल्या. दाराशी उभं राहून एक डोळा मिटून पाहिलं, आणि तिसऱ्या ओळीतली एक खुर्ची बोटभर मागे घेतली.

"बाई, एक विचारू? त्याच्या ओळी एवढ्या सरळ असायच्या का?"

बाई पावतीवर सही करत होत्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "ते काही मी पाहिलं नाही."