डावी कड सांभाळा

कटिंग मास्तरांच्या शेवटच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं परीक्षक स्वतःला सांगत असत. राहून वगैरे काही गेलं नव्हतं. पत्र टेबलावर शब्दकोशाखाली होतं, आणि शब्दकोश उचलला की दर वेळी त्याच्याशी नजरानजर व्हायची. मग ते शब्द न बघताच कोश पुन्हा खाली ठेवायचे.

परीक्षक हे नाव बायकोनं ठेवलेलं, तेही टोमणा म्हणून. निवृत्त होईपर्यंत ते ग्रंथपाल होते. छायाचित्रणाची कपाटभर पुस्तकं त्यांनी वाचली होती, म्हणून एका लहानशा मासिकानं वाचकांचे फोटो तपासायचं काम त्यांच्या गळ्यात घातलं. लोक फोटो पाठवत, हे पत्रानं गुणदोष कळवत. स्वतः कॅमेरा हातात घेतला की मात्र त्यांना घाम फुटायचा.

"काठावर बसून पोहायला शिकवणारे तुम्ही," बायको म्हणायची. "एखाद दिवशी कुणीतरी बुडेल."

ते ओशाळं हसायचे. त्यांनाही मनातून तसंच वाटायचं.

उत्तर लिहायची त्यांची एक पद्धत ठरलेली होती. आधी फोटोत काय चांगलं आहे ते मनापासून सांगायचं. मग दोष, तोही एकच. आणि त्याच्या पाठोपाठ उपाय. उपाय सुचत नसेल तर दोष काढायचा आपल्याला हक्क नाही, असं ते मानत. हौशी माणूस आधीच बिचकत बिचकत आलेला असतो, त्याला नाउमेद करून काय मिळवायचं?

कटिंग मास्तर तयार कपड्यांच्या कारखान्यात होते. एकावर एक अंथरलेल्या कापडाच्या थप्प्या विजेच्या सुरीनं कापायचं त्यांचं काम. फोटो काढायचे ते दुपारच्या सुट्टीत, नाहीतर घरी. इस्त्रीच्या टेबलाखाली झोपलेलं कुत्रं, डबा खाताना खिदळणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाया, केस विंचरणारी बायको. कॅमेरा जुना होता. उजवा डोळा त्याच्या खिडकीला लावायचा आणि डावा मिटून घ्यायचा. पहिलं पाकीट उघडलं तेव्हा परीक्षक इतके हरखले की त्यांनी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं.

पुढे पुढे फोटोंची डावी कड बिघडू लागली. कधी मशीनचं अर्धंच चाक आत यायचं, कधी कुणाचं नुसतं कोपर. परीक्षकांनी लिहिलं, "बटण दाबण्याआधी चारी कडांवरून नजर फिरवा. डावी कड सांभाळा." पुढच्या पाकिटात तोच दोष. मग त्यांनी जरा कडक शब्दांत लिहिलं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी कडक.

मास्तर कधी रागावले नाहीत. "बायकोला डावीकडे उभं केलं तर ती अर्धीच आली," त्यांनी एकदा कळवलं. "म्हणते, एवढा कंटाळा आला होता तर सांगायचं होतं, कापायला कशाला हवं?"

आणि मग ते पत्र आलं. "साहेब, कारखान्यात आता मन लागत नाही. साठवलेलं सगळं घालून एक छोटा स्टुडिओ टाकावा म्हणतो. तुम्ही म्हणाल तसं करीन. चारी कडा बघतो हो मी, शपथेवर सांगतो, बघतो. तरी डावी बिघडतेच. मला हे जमेल का? सरळ सांगा."

टाका म्हणावं तर फोटो तसे, नको म्हणावं तर माणूस असा. पत्र शब्दकोशाखाली गेलं. सोबतचे फोटो परीक्षकांनी धड पाहिलेही नाहीत.

बरेच महिने गेले. बायकोच्या डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून तिला ते दवाखान्यात घेऊन गेले. एक डोळा झाकून यंत्रात बघायचं आणि दिवा चमकला की बटण दाबायचं, अशी तपासणी होती.

"दिवे कमी आणि माझे अंदाज जास्त," बाहेर येऊन बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "तुम्हाला काचबिंदू नाही, आजी. पण तपासलेलं बरं. माणसाला पत्ताच लागत नाही त्याचा. दोन्ही डोळे उघडे असले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो. एक मिटला तरच कळतं, तेही कळलं तर. जिथलं दिसत नाही तिथं काळं थोडंच दिसतं? तिथं काही नाही असंच वाटतं."

परीक्षक दोन पावलं पुढे आले. "म्हणजे... उजव्या डोळ्याची डावी बाजू जाऊ शकते?"

"नाकाकडची. बरेचदा सुरुवातच तिथून होते. का हो?"

"एक गृहस्थ आहेत, फोटो काढतात. त्यांची डावी कड..."

"दर फोटोत बिघडते," बायकोनं वाक्य पुरं केलं. "आणि हे त्यांना दर वेळी ओरडतात."

"फोटोवरून मी कसं सांगणार? त्यांना लगेच कुणाला तरी दाखवायला सांगा."

"औषधानं दिसेल ना पुन्हा?" परीक्षकांनी विचारलं.

"काचबिंदू असेल तर नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं धरून ठेवायचं, तेही किती उशीर झालाय त्यावर."

घरी येऊन त्यांनी सगळी पाकिटं ओळीनं मांडली आणि भिंग घेतलं. पहिल्या फोटोंच्या कडा स्वच्छ होत्या. पुढे पाकिटागणिक डावीकडची अडगळ आत आत सरकत आली होती. शेवटच्या पाकिटातल्या दोन फोटोंत खाली डाव्या कोपऱ्यात पांढरं, धूसर काहीतरी होतं. कॅमेरा धरलेल्या डाव्या हाताचा अंगठा कॅमेऱ्याच्या काचेपुढे आला होता, आणि त्या अंगठ्याला जाड पट्टी बांधलेली होती.

स्वतःचा अंगठा मास्तरांना दिसला नव्हता. आणि सुरी चालवताना तर डोळे दोन्ही उघडे असतात. म्हणजे डावा डोळाही आता उजव्याचं उणं भरून काढत नव्हता.

"फोन करा की," बायको म्हणाली.

"नंबर नाही. नुसता पत्ता आहे. आणि मी काही डॉक्टर नाही. चुकलो तर?"

"चुकलात तर हसतील. तुम्हाला हसायची लोकांना सवय आहे." तिनं अंगठ्याचा फोटो उचलून खिडकीशी धरला आणि लगेच पालथा ठेवला. "लिहा आता."

हात सवयीनं चालला. आधी चांगलं: केस विंचरणाऱ्या बायकोच्या मानेवरचा उजेड, तो आपण अजून विसरलो नाही. मग दोष. "डावी कड तुमच्या हलगर्जीपणानं बिघडत नव्हती. ती तुम्हाला दिसतच नसावी. मी दर वेळी ती पाहिली, आणि दर वेळी तुम्हालाच बोल लावला." उपायाशी येऊन पेन थांबलं. आजवर त्यांनी सांगितले ते उपाय दोन पावलं पुढे व्हा, उजेडाकडे पाठ करा, असलेच होते. शेवटी त्यांनी लिहिलं, "स्टुडिओ टाकू नका. सुरीलाही हात लावू नका. पत्र मिळेल त्याच दिवशी डोळे दाखवा. आणखी काय करायचं, मला माहीत नाही."

वाचून पाहिलं तर एका कागदात त्यांनी त्या माणसाची नोकरी, मनसुबा आणि हौस तिन्ही काढून घेतली होती. मग त्यांना वाटलं, हे तरी मास्तरांना नीट दिसेल का? त्यांनी सगळं पत्र पुन्हा मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि डावीकडे चार बोटं समास सोडला. समासानं काही होणार नव्हतं. तरी सोडला.

बायकोनं पत्र वाचलं. "शेवटी काहीतरी बरं लिहा ना."

"काय लिहू?"

तिनं पत्राची घडी घातली. मग पाकीट चिकटवलं.

कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत दोघं चालत गेली. स्टुडिओसाठी जागा घेऊनही झाली असेल, परीक्षकांच्या मनात आलं. पाकीट पेटीच्या तोंडाशी धरून ते इतका वेळ उभे राहिले की मागे आलेल्या बाईनं "काका, टाकताय ना?" म्हणून विचारलं.

त्यांनी बोटं सोडली.

"पडलं का आत?" बायकोनं विचारलं.

"पडलं."