खिंडीकडचा उतार

रंगुबाईला जाऊन पाच वर्षं झाली होती, पण तिचं बोलणं काही घरातून गेलं नव्हतं. तिची सून गोजरबाई चुलीपुढं बसली, की आतून कुणीतरी म्हणे, केवढा जाळ केलास. भाकरी तव्यावर पडली, की म्हणे, ही भाकरी का पायताण. माणूस मेलं की त्याला खांदा द्यायला चौघं येतात, त्याचं बोलणं मात्र एकट्यानंच वाहायचं असतं. गोजरबाई ते इमानानं वाहत होती. सगळ्यांत जास्त वेळा आतून यायचं ते एकच, "तुला काय कळतंय? गप बस." आणि गोजरबाई गप बसायची. गप बसण्यात तिचा हात धरणारं खोपटवाडीत दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्यापासून ती अशी नव्हती. लग्न होऊन वर्ष झालं असेल, सासरा वावरात ताल, म्हणजे पाणी अडवायचा मातीचा बांध, घालत होता. भावकीतले चार बाप्ये मदतीला होते. गोजरबाई भाकरी घेऊन गेली, टोपली खाली ठेवली आणि पंधरा-सोळा वर्षांची ती पोरगी सहज बोलून गेली, "मामा, पानी हितनं न्हाई जायाचं. त्या बोरीपासनं फोडंल." चौघं बाप्ये हसले ते हसलेच. सासू तर कपाळाला हात लावून म्हणाली, "हत्ती बुडाया लागला आन शेळी इचारती ठाव किती. तुला काय कळतंय? गप बस." त्या साली पाऊस जेमतेम झाला, ताल जागच्या जागी राहिला, आणि गोजरबाईचं नाव पडलं इंजनेरीण. पुढं दोन वर्षं पाणवठ्यावर बायका तिला विचारायच्या, काय इंजनेरीणबाई, आज पाऊस कुठनं येनार. ती खाली मान घालून घागर उचलायची. मग नाव विसरलं गेलं, मान मात्र तशीच राहिली.

आता त्र्याहत्तर साल उजाडलं होतं आणि सगळ्या मुलखाचीच मान खाली गेली होती. पाथर्डीच्या अंगाला तर दोन वर्षं पेरलेलं बीसुद्धा परत आलं नव्हतं. ऊसतोडीला श्रीरामपूरकडं गेलेली माणसं यंदा हंगाम अर्धा टाकून आली, कारण तोडायला ऊसच नव्हता. खोपटवाडीच्या ओढ्यावर सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं, म्हणून मिलोची, त्या परदेशी तांबड्या ज्वारीची का होईना, भाकरी मिळत होती. दोनशे माणूस होतं कामावर. बाप्ये टिकाव मारायचे, बाया पाट्या वाहायच्या. गोजरबाई आणि तिच्या माहेरगावची छबूबाई, दोघी एकाच टोळीत होत्या.

कामाच्या डाव्या बाजूला एक खिंड होती. त्या खिंडीपलीकडं विहीर, आणि तिच्याखाली छबूबाईची वस्ती, मातीच्या भिंतींची नऊ घरं. ओढा आटला की गावच्या बाया त्याच विहिरीवर जायच्या. यंदा तर घरटी रोज एकच घागर. पहाटे रांगेत उभं राहून भरायची, कामावर आणायची, बाभळीच्या सावलीत झाकून ठेवायची आणि संध्याकाळी घरी न्यायची. छबूबाईचं घर विहिरीखालीच, पण अख्खं घर कामावर असल्यानं तीही आपली घागर तिथंच आणायची.

ती वाट भारी लबाड होती. खिंडीतून कामाकडं येताना समोर उतार दिसे. पाठीमागच्या डोंगराची ठेवणच अशी, की पाहणाऱ्याला वाटावं, जमीन इकडं खाली येतेय. पण डोक्यावर भरली घागर असली, की त्याच उताराला धाप लागायची. मान मागं ओढली जायची, पायाचे चवडे रुतायचे. वीस उन्हाळे ती वाट तुडवलेल्या गोजरबाईला पक्कं ठाऊक होतं, की डोळ्याला दिसतो तो उतार नाही, चढ आहे. म्हणजे खिंड वर नाही, खाली आहे.

ओव्हरसियर कोवळा पोरगा होता, कामसू, उन्हानं नाक सोलपटलेला. त्यानं तलाव भरल्यावर पाणी कुठवर चढेल तिथं खुंट्या ठोकल्या आणि उजव्या अंगाला चुन्याची फक्की मारून सांडवा आखला. जादा झालेलं पाणी सांडव्यातून पुढं ओढ्यात जायचं होतं. दुर्बीण लावून त्यानं सगळं मापलं होतं, फक्त खिंडीकडं लावली नव्हती. खिंड वर दिसतच होती, मग मापायची कशाला? डाव्या बाजूची, खिंडीच्या वाटेवरची शेवटची खुंटी पाहिली आणि गोजरबाईच्या हातातली पाटी थांबली. खुंटीपासून खिंड खाली होती. पाणी सांडव्यापर्यंत पोचायच्या आधीच खिंडीतून पलीकडं पडणार होतं, आणि खाली नऊ घरं होती.

"तुला काय कळतंय," आतून आलं.

तरी तिनं मुकादम आसारामला हळूच सांगून पाहिलं. आसाराम हसला. "सायबाच्या दुर्बिनीला दिसंना ते तुला दिसलं व्हय?" झालं. गोजरबाईनं पाटी उचलली. आठ दिवस ती रोज त्या खुंटीजवळून गेली आणि रोज तिकडं बघायचं टाळलं. छबूबाई शेजारी बसून भाकरी मोडायची, नातवाच्या दातांचं कौतुक सांगायची, आणि गोजरबाई आपली अर्धी भाकरी तशीच फडक्यात बांधायची. तिला स्वतःची शरम वाटत होती, आणि शरमेपेक्षा भीती मोठी होती.

बुधवारी संध्याकाळी आसारामनं सगळ्यांना सांगितलं, उद्या साहेब शेवटचे येणार. सांडवा कायम करून ते दुसऱ्या कामावर जाणार. परवापासून सांडवा खोदायचा.

त्या संध्याकाळी गोजरबाई नवऱ्याला वाढायला बसली. सहादेव मुलखाचा अबोल. बायकोकडं बघून चार शब्द बोलायचे तर त्याला सणवार लागायचा. त्याला तिनं खिंडीचं सगळं सांगितलं आणि शेवटी स्वतःच निकाल देऊन टाकला, "पन मला काय कळतंय म्हना. मागं तालाच्या टायमाला बी असंच बोल्ले आन हसू झालं."

सहादेवनं घास गिळला. "त्यात हसू कशाचं? फुटला की त्यो ताल."

"कवा?"

"तिसऱ्या साली. मोठा पाऊस झाल्ता न्हाई का. बोरीपाशीच फुटला. निम्मं वावर धुऊन गेलं."

गोजरबाई हातातली भाकरी धरून तशीच बसली. "मला ठावं न्हाई."

"तू माह्यारी हुतीस. थोरल्याच्या बाळंतपनाला. येस्तवर पुन्यांदा भरून घेतला."

"मला कुनीच सांगितलं न्हाई."

"त्यात सांगन्यासारखं काय हुतं?" सहादेव म्हणाला, आणि खरंच त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलेलं नव्हतं.

"आत्याबाईंला ठावं हुतं?"

"आईनंच तर माती वाहिली. आठ दिस."

गोजरबाईला राग आला. कुणावर ते तिला कळेना, म्हणून तो सगळ्यांवर आला, मेलेल्या सासूवर, समोर जेवणाऱ्या नवऱ्यावर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. वीस वर्षं तिनं हसणं तेवढं जपून ठेवलं होतं. त्याच तालाचं पुढं काय झालं, हे तिनं कुणाला एकदाही विचारलं नव्हतं. रोज त्याच बोरीखाली बसून तिनं भाकरी खाल्ली होती, आणि तिथं नवी माती भरलेली आहे हे तिच्या नजरेला पडलं नव्हतं. तिनं उरलेली भाकरी झाकून ठेवली. तिला भूक नव्हती.

गुरुवारी दहाच्या सुमाराला जीप आली. ओव्हरसियर खाली उतरून आसारामशी बोलू लागला. गोजरबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. पदर खोचला. बाभळीखाली जाऊन तिनं आपली भरली घागर उचलली, चुंबळीवर ठेवली आणि सरळ डाव्या खुंटीकडं चालू लागली. कामावरची माणसं बघायला लागली. भर कामात घागर घेऊन ही निघाली कुठं?

"गोजरा, अगं कुठं चाललीस?" आसाराम ओरडला.

ती साहेबांपुढं थांबली. आतून सासू जे बोलायचं ते बोलतच होती. "सायब," ती म्हणाली, "तळं भरल्याव पानी सांडव्यानं जायाचं न्हाई. त्या खिंडीतनं जाईल. खाली घरं हायती."

ओव्हरसियरनं खिंडीकडं पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. "अहो मावशी, खिंड वर आहे. दिसतंय की समोर."

"दिसतंय. पन न्हाई."

मागं कुणीतरी हसलं. तेच हसणं, वीस वर्षांपूर्वीचं. गोजरबाईची कानशिलं तापली. अजून एक क्षण थांबली असती तर ती मागं फिरली असती, हे तिचं तिला कळत होतं. तिनं घागर उतरवली, खुंटीच्या बुंध्याशी टेकवली आणि तिरपी केली.

बायांमध्ये एकदम गलका झाला. मिलोच्या भाकरीपेक्षा पाण्याला जास्त जपायचे दिवस होते ते. लेकराच्या हातून वाटीभर पाणी सांडलं तर आया पाठीत धपाटा घालत. आणि इथं एक शहाणी बाई दिवसाचं सगळं पाणी मातीत ओतत होती. आसाराम धावत आला, पण साहेबानं हात आडवा केला.

दोनशे माणसांच्या पायांनी ती वाट दगडासारखी टणक झाली होती. तरी तहानलेली ती तहानलेलीच. पाणी पडलं तसं तिथंच पसरलं, फेस आला, आणि जमीन ते पिऊ लागली. अर्धी घागर रिकामी झाली तरी खुंटीपाशी नुसता ओला डाग. गोजरबाई ओतत राहिली. घागर तळाला आली. पाणी वीतभर इकडं सरकलं, वीतभर तिकडं, आणि थांबलं.

"बघ," आतून आलं. "लेकरं तहानलेली ठेवलीस."

गोजरबाई रिकामी घागर घेऊन उकिडवी बसून राहिली. तेवढ्यात तिच्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. छबूबाई होती. तिच्या डोक्यावर तिची घागर होती. तिनं साहेबाकडं पाहिलं नाही, आसारामकडं तर नाहीच. "माझी बी घे," ती म्हणाली. "घर माझं हाय खाली."

दोघींनी मिळून दुसरी घागर तिरपी केली. आता जमीन भिजलेली होती. पाणी ओल्या डागावरून घसरलं, क्षणभर थबकलं, मग धुळीचं टोपरं घालून पुढं निघालं. खिंडीकडं. डोळ्याला दिसत होतं की ते चढावर चाललंय. एक पाऊल, दोन पावलं, गवताची काडी पुढं ढकलत, दगडाला वळसा घालत ते पाच-सहा पावलं गेलं, आणि तेही सावकाश नाही, चांगलं घाईनं. दोनशे माणसांत आता कुणी हसत नव्हतं. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "आयला, पानी चढाला चाललंय."

"चढ न्हाई तो, आजा," गोजरबाई म्हणाली. तिचा आवाज कापरा होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

ओव्हरसियरनं जीपमधून दुर्बीण आणायला लावली, खिंडीत माणूस पट्टी घेऊन उभा केला आणि बघितलं. पुन्हा बघितलं. वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि घाम पुसत म्हणाला, "खिंडीत आडवा बांध घालावा लागेल. दोन हात तरी. आसाराम, उद्या सांडव्याला हात लावू नका. आधी खिंड धरा." मग गोजरबाईकडं वळून, जरा ओशाळून, त्यानं विचारलं, "मावशी, तुम्हाला कळलं कसं?"

"डोक्याव घागर असली की कळतं," ती म्हणाली, आणि पाटी उचलायला गेली.

दिवस मावळायला घरात थेंबभर पाणी नव्हतं. छबूबाईला शेजारणीनं अर्धी घागर दिली होती. गोजरबाई रिकामी घागर घेऊन विहिरीकडं निघाली. तळाशी साचलेलं, गढूळ का होईना, काही मिळालं तर मिळालं. दारातून बाहेर पडली तर मागं पावलं वाजली. सहादेव होता. "आण हिकडं," म्हणून त्यानं घागर तिच्या हातातून घेतली आणि खांद्यावर टाकली. उभ्या जन्मात हा माणूस पाण्याला गेला नव्हता. गोजरबाईनं आजूबाजूला पाहिलं, कुणी बघतंय का. मग बघेनात का, असं तिला वाटलं.

परत येताना तळाच्या गढूळ पाण्यानं भरलेली घागर त्याच्या खांद्यावर होती. खिंड ओलांडली, समोर ती लबाड वाट खाली जाताना दिसत होती. वीस-पंचवीस पावलांत सहादेव थांबला. त्याला धाप लागली होती. त्यानं घागर खाली ठेवली, वाटेकडं पाहिलं, मागं खिंडीकडं पाहिलं.

"लेका," तो स्वतःशीच म्हणाला, "चढ हाय की."

गोजरबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि घागर घेतली. पुढं निघाली तसं आतून आलंच, नेहमीसारखं, एकदा खरं झालं म्हणून हुरळू नको, तुला काय कळतंय.

या खेपेला गोजरबाईनं मान खाली घातली नाही. डोक्यावर घागर होती, घालताही आली नसती. "आत्याबाई," ती मनातल्या मनात, चांगल्या आदरानं म्हणाली, "आदी तालाचं सांगा. बोरीपाशी आठ दिस माती कुनी वाहिली?"

आणि ती थांबून ऐकत राहिली. आतून बराच वेळ काही आलं नाही.