मालूचा गोवर

"कान्हूभाऊ, आमची पुतळी मालूला मागतेय," शेजारची इंदुबाई दारातूनच म्हणाली. "देवी आलेय घरात. पोरीचं मन मोडायचं नाय."

इंदुबाईच्या चौकटीला कडुलिंबाचे डहाळे लागून तीन दिवस झाले होते. गोवर निघालेल्या पोराने मागितलं ते द्यायचं, नाही म्हटलं तर देवी रुसते, हे धरमतरच्या खाडीकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाहेरच्याला मात्र त्या घरात पाय टाकायला बंदी. पण मालू थोडीच बाहेरची? तीन वर्षांपूर्वी विजेच्या तारेला चिकटून मेलेल्या माकडिणीच्या पोटाशी हे पिल्लू कान्हूला सापडलं होतं. मिठागरावर हयात गेलेल्या त्या विधुराच्या घरात दुसरं होतं कोण? त्याने तिला वाटी-चमच्याने दूध पाजून वाढवलं. 'कान्हूची लेक' म्हणून गाव चेष्टा करी, आणि हा खुळा मनातून सुखावे.

त्याने मालूच्या कमरपट्ट्यातून ओटीच्या खांबाची साखळी काढली आणि तिला स्वतः नेऊन पुतळीच्या अंथरुणावर ठेवलं. पुतळीने बिस्कीट तोडलं, अर्धं चावलं, उरलेलं मालूच्या तोंडात दिलं. पोर बऱ्याच दिवसांनी हसली. दोन दिवस मालू तिच्या कुशीतच होती.

पुतळी बरी झाली. देवीला दहीभात दाखवून इंदुबाईने तिला निडीला मामाकडे धाडलं. आणि इकडे मालूच्या नाकाला धार लागली, डोळे चिकटले, पोटावर लाल पुरळ उठलं. कान्हूने कडुलिंब आणला, अंगारा लावला. दवाखान्यात न्यावं तर माकड पाळणं गुन्हा. जंगलखात्याचा माणूस मागेच दम देऊन गेला होता. त्या भीतीत तीन दिवस गेले. मालूला श्वास घेता येईना, तेव्हा घोंगडीत गुंडाळून तो तिला पेणला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

"घरात, शेजारी कुणाला गोवर आला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय, शेजारच्या पोरीला. पण तो माणसांचा ना, सायेब?"

"माणसांचाच. माकडांनाही लागतो. रानात असती तर कुठून लागला असता हिला?" डॉक्टरांनी मालूच्या छातीवरची नळी काढली. "छाती भरलीय. फार उशीर केलात."

परतीच्या एसटीत कंडक्टरने घोंगडीकडे बोट केलं. "काय हाय त्यात?"

"लेक हाय. आजारी हाय," कान्हू म्हणाला. खरं तर वडखळ येण्याआधीच ती गेली होती.

घरामागे खड्डा खणल्यावर त्याने तिच्या कमरेचा पट्टा काढला. पट्ट्याखालचे केस झडून कातडी घट्ट झाली होती. तीन वर्षं हे आपल्याला दिसलं कसं नाही, या विचाराने तो तिथेच बसून ढसाढसा रडला.

आठवड्याने पुतळी निडीहून आली ती थेट त्याच्या ओटीवर. हातात बिस्कीट. खांबाला नुसतीच साखळी लोंबत होती.

"मालूला सोडलीस, काका?"

"व्हय."

"रानात?"

पोरीला खरं सांगितलं तर ती जन्मभर स्वतःला दोष देत बसेल. कान्हूने मान डोलावली.

"आता परत नाय ना बांधायचास तिला?"

"नाय गो. कधीच नाय."

पुतळी खूश झाली. सवयीने तिने बिस्कीट तोडलं, अर्धं चावलं, उरलेलं पुढे केलं. मग घ्यायला कोणी नाही हे ध्यानात येऊन ती थबकली. कान्हूने हात पुढे केला आणि ते उष्टं बिस्कीट स्वतः खाल्लं.