चष्मा कुणाच्या हातात

ऑफिसात त्यांना सगळे कुलूपवाले म्हणत. रुग्णाला थेंबाथेंबाने औषध देणाऱ्या यंत्राच्या पोटात जी ऑपरेटिंग सिस्टीम असते, तिच्या अगदी गाभ्यातली कुलपं त्यांच्या ताब्यात होती. ही कुलपं डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे पगारवाढीच्या वेळी ती कुणाला आठवतही नसत.

वहिनींना त्यांनी एकदा समजावलं होतं. "घरात संडास एक, माणसं दोन. मोकळा आहे हे बघणं आणि कडी लावणं एका दमात झालं पाहिजे. बघितलं आणि मग कडी चाचपडत बसलात, की तेवढ्यात दुसरा आत."

"एवढं शिकायला तुमच्या दादांनी फी भरली होय, भावोजी?"

चूक नेमकी तीच निघाली. एका इस्पितळात यंत्र मुकाट्याने थांबलं. थेंब सोडणारं काम आणि काही बिघडलं की बोंब मारणारं काम, दोन्हींना एकाच क्षणी कुलूप मोकळं दिसलं, दोन्ही आत घुसली आणि अडकली. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच, जसं काही सगळं आलबेल.

कुलूपवाल्यांनी चोर पकडायला कोडमध्ये 'इथे पोचलो' असं छापणारी एक ओळ घातली आणि चोरच गायब झाला. छापण्यात जो निमिष जाई, त्यात त्या दोन कामांची गाठ चुकत होती.

"बरं झालं की मग!" ऑफिसातल्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या.

"बरं नाही झालं, मॅडम. दुखणं लपलंय."

"लपलंय ना? लपू दे. माल जायचाय."

त्यांनी मान डोलावली. माल गेला. मग त्यांच्या ध्यानात आलं, की माल बाहेर पाठवताना असल्या छापायच्या ओळी आपोआप गाळल्या जातात. औषध ऑफिसातच राहिलं होतं. रोग तेवढा गिऱ्हाइकाला घरपोच झाला होता.

त्यांनी खरी दुरुस्ती लिहिली: बघणं आणि कडी लावणं, एकाच न तुटणाऱ्या हुकमात. ती तपासणीच्या रांगेत उभी राहिली, आणि दादांच्या हृदयाने दगा दिला.

इस्पितळात खाटेशेजारी कुलूपवाल्यांना आपलंच यंत्र दिसलं. रक्तदाब तोलून धरणारं औषध त्यातूनच जात होतं. "दुसरं यंत्र मिळेल का?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"सगळी हीच आहेत. नवीकोरी!" डॉक्टर अभिमानाने म्हणाले.

दादा क्षीण हसले. "अरे कुलूप्या, तुझ्या यंत्राने मारलं तर निदान घरच्या माणसाने मारलं म्हणेन."

मग कुलूपवाल्यांनी वहिनींना नियम घालून दिला. एकाने कायम खुर्चीत बसायचं. नजर आकड्यावर नको, थेंबावर. थेंब थांबला की नर्सला हाक. दादांचा चष्मा ज्याच्या हातात, त्याचा पहारा. आणि चष्मा द्यायचा तो हातातून हातात.

"खो-खोच की," वहिनी म्हणाल्या. पण पाळला त्यांनी नियम. दोघं आळीपाळीने बसले. दादांचा रंग सुधारला. धाक ओसरला.

त्या दुपारी कुलूपवाले पाळीवर आले. दाराच्या काचेतून वहिनी खुर्चीत दिसल्या. हायसं वाटलं. तेवढ्यात मॅडमचा फोन. "तुमची दुरुस्ती पास झाली. तुमचा होकार आला की इस्पितळांना पाठवतो."

वहिनी आहेतच, असं म्हणून ते मागे वळले आणि जिन्यापाशी जाऊन होकार कळवायला लॅपटॉप उघडून बसले.

वहिनींनीही काचेत त्यांना पाहिलं होतं. भावोजी आलेच, असं म्हणून त्यांनी चष्मा स्टुलावर ठेवला आणि मागच्या दाराने तोंड धुवायला गेल्या.

शेजारचं नाडी मोजणारं यंत्र किंचाळलं तेव्हा नर्स धावली. थेंब कधीच थांबला होता. पडद्यावर आकडा शाबूत होता.

कुलूपवाले धावत आले, तोवर डॉक्टरांनी हात मागे घेतले होते. मागच्या दारातून वहिनी आल्या, पदराने तोंड पुसत. खाटेकडे बघितलं आणि पदर तिथेच राहिला.

"मला वाटलं, तुम्ही आहात," त्या म्हणाल्या.

कुलूपवाल्यांच्या खिशात फोन गुरगुरला. मॅडमचा निरोप होता: 'दुरुस्ती रवाना. एवढीशीच तर ओळ होती, कुलूपवाले! आधीच का नाही केलीत?'

त्यांनी स्टुलावरचा चष्मा उचलला आणि वहिनींच्या हातात दिला. हातातून हातात.