बासष्ट

कोचनं संघातल्या मुलीचे सायकलचे बूट दवाखान्यातल्या पलंगाखाली सरळ करून ठेवले, मग उगाच उचलून पुन्हा ठेवले. हातांना काहीतरी काम हवं होतं. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते: अंगात ताप असताना शर्यत केली, हृदयाला सूज आली, जीव वाचला, पण शर्यत आता या जन्मात नाही. मुलगी बावीस वर्षांची.

त्याच्या संघात एक नेम होता. उठल्याबरोबर, अंथरुणातच, प्रत्येकीनं मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची आणि त्याला सांगायची. तो वहीत मांडायचा. दहा ठोके जास्त भरले, की त्या दिवशी सायकल बंद. नियम त्याचाच, आणि आज मोडलाही त्यानंच.

"सर, आज बासष्ट," ती सकाळी म्हणाली होती. एरवी शेहेचाळीस.

"मोठी शर्यत आहे, धडधडणारच. मी तर तापात जिंकलोय."

हे मात्र खरं होतं. मायदेशी त्याचं नाव झालं ते त्याच शर्यतीनं. दुखणं अंगावर काढलं, जिंकला, गळ्यात हार पडले. त्या एका दिवसाच्या भांडवलावर तो परदेशात कोच झाला आणि अकरा वर्षं तीच फुशारकी पोरींना ऐकवत राहिला. बासष्ट हा आकडा त्यानं लिहिलाच नाही.

संघाच्या व्यवस्थापक बाई वही घेऊन आत आल्या.

"आजचा रकाना कोरा का?"

ही नोकरी गेली तर परत जाऊन ताईच्या घरी आयतं खात बसायचं, दुसरं काय? पंचावन्न वर्षांच्या माजी विजेत्याला कोण विचारतो!

"मी सांगितलंच नाही त्यांना," मुलगी पलंगावरून म्हणाली. "विसरले."

आवाज इतका बारीक, की बाईंना वाकावं लागलं. मग त्या कोचकडे वळल्या.

"खरंय का, सर?"

मुलगी त्याच्याकडे बघत होती. त्याला वाटलं, आपण आता बोलणार. त्यानं घसासुद्धा खाकरला.

"हो," तो म्हणाला.

बाईंनी रकान्यात काहीतरी लिहिलं आणि दार ओढून घेत त्या निघून गेल्या. कोच स्टूल सरकवून जवळ बसला. तिचा हात हातात घ्यायला गेला, तर तिनं तो पांघरुणाखाली ओढून घेतला.

"उद्या आई येतेय माझी," ती म्हणाली. "तिलाही मी हेच सांगेन. तुम्ही मात्र येऊ नका."