पिशवीचा बगळा

तळ्याच्या पलीकडच्या काठाशी, पाण्यातून वर आलेल्या एका वठलेल्या फांदीला प्लास्टिकची पांढरी पिशवी अडकली होती. वन्संनी दुर्बीण डोळ्यांना लावली, थोडा वेळ चाक मागेपुढे फिरवलं आणि नेहमीच्या ठाम आवाजात सांगितलं, "मोठा बगळा. मान आखडून बसलाय, थंडीनं."

मागे उभ्या असलेल्या रविवारच्या मंडळींनी आपापल्या दुर्बिणी तिकडे वळवल्या. एकानं चाक पुन्हा फिरवून पाहिलं. मग त्यांच्यातले सगळ्यांत जुने, दातांचे डॉक्टर, म्हणाले, "हो बाई, दिसला." त्यांच्यामागोमाग बाकीच्यांनी माना हलवल्या. एकीनं तर "किती शांत बसलाय ना!" असंसुद्धा म्हटलं.

वहिनी त्या दिवशी केवळ वन्संच्या गुडघ्यापायी सोबत आल्या होत्या. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती. पण वाऱ्यानं पिशवी फुगली आणि तिचे दोन बंद फडफडले, ते त्यांना नुसत्या डोळ्यांनीही दिसलं. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी नजर चुकवली आणि बुटाची नाडी बांधायला म्हणून ते खाली वाकले. नाडी सुटलेली नव्हतीच.

वहिनी काही बोलल्या नाहीत. आपल्याला पक्ष्यांतलं काय कळतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर दर रविवारी लोकांना तळ्यावर पक्षी दाखवायला सुरुवात केली. ज्याला यायचं त्यानं यावं. फी नाही, सभासदत्व नाही. फक्त उशिरा आलेल्याला सगळ्यांदेखत बोलणी खावी लागत. वहिनींनी तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासायचं काम केलं होतं. निसटलेला टाका, वाकडी बाही, कमी पडलेलं बटण शोधून काढायचं आणि कपडा बाजूला टाकायचा. घरीही त्यांची नजर तशीच चालायची आणि वन्संना ती बोचायची. एक दार उघडं टाकायची, दुसरी लावून घ्यायची. मध्ये वहिनींचा नवरा होता, म्हणून निभावलं. तो गेल्यावर लोकांना वाटलं, आता चुली वेगळ्या होणार. झालं उलटंच. मध्ये सांभाळून घेणारं कुणी उरलं नाही, तशा दोघी एकमेकींशी जपून बोलायला लागल्या.

पिशवीच्या रविवारनंतर वन्संची कुरकुर वाढली. दुर्बिणीला बुरशी लागलीय, म्हणत होत्या. भिंगं पुसपुसून झाली. कपाटात ठेवायची ती उन्हात ठेवून झाली. असेच काही आठवडे गेले. अखेर एका सकाळी त्या म्हणाल्या, "वहिनी, चल. नवीनच घेते. हिचा जीव गेला."

दुकान चष्म्यांचं होतं, पण मागच्या काचेच्या कपाटात दुर्बिणी ओळीनं मांडल्या होत्या. दुकानदारानं वन्संची जुनी दुर्बीण हातात घेतली, आधी रबरी पंपानं धूळ उडवली, मगच कापड लावलं. उलट्या बाजूनं बॅटरीचा उजेड आत टाकून बराच वेळ पाहिलं.

"बुरशी नाही हो हिला. छान ठेवलीय तुम्ही."

"मग आत कुठेतरी असेल."

दुकानदारानं वाद घातला नाही. एक मध्यम आकाराची दुर्बीण काढून तो सवयीनं सांगू लागला, "आठ बाय बेचाळीस. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसणार. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी. ती जितकी जास्त तितका उजेड जास्त..."

"आणि मानेला ओझंही जास्त. मी हे शिकवते लोकांना," वन्सं म्हणाल्या.

दुकानदार हसला आणि दुर्बीण त्यानं त्यांच्या हातात दिली.

वन्संनी दारात उभं राहून रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी पाहिली. "धूसर." दुसरी घेतली, दहा पटीची. "हीपण धूसर. शिवाय हलतेय." तिसरी लहान होती, खिशात मावेल अशी, ती त्यांनी लगेच परत केली. शेवटी दुकानदारानं सगळ्यांत वरच्या कप्प्यातली उतरवली. वन्संनी ती डोळ्यांना लावली आणि चिडूनच म्हणाल्या, "इतकी भारी म्हणता आणि हिच्यात डाग!"

"कुठे आहे डाग?"

"मधोमध. जिथे बघते, तिथेच."

दुकानदाराचा हात गल्ल्यावर होता तिथेच थांबला. तो बाहेर आला आणि "जरा धरून ठेवा हं" असं म्हणत त्यानं डाव्या नळीवर झाकण लावलं. "आता काय दिसतं?"

"कडेचं दिसतं. मधलं कुणी खोडरबरानं पुसल्यासारखं."

झाकण उजवीकडे गेलं. "आता?"

"पाटी दिसते. पण वाकडी. रंगाऱ्यानं रेघ सरळ मारलेली नाही."

दुकानदारानं दुर्बीण हळूच काढून घेतली आणि वहिनींच्या हातात दिली. "तुम्ही बघा बरं. चष्मा आहे ना तुम्हाला? मग ही रबरी कडी आत फिरवायची."

वहिनींना आधी सगळं काळंच दिसलं. मग दोन गोल दिसले. दुकानदारानं बिजागर थोडं मिटवलं तसे दोन्ही गोल एक झाले आणि समोरची पाटी अंगावर आल्यासारखी जवळ आली. एका अक्षराचा रंग उडाला होता. कोपऱ्यातल्या खिळ्याला जळमट लटकत होतं. रंगाऱ्याची रेघ अगदी सरळ होती.

"धूसर आहे ना गं, वहिनी?"

वहिनींनी दुर्बीण खाली घेतली नाही. इतक्या वर्षांत वन्संनी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, साधी वाटीसुद्धा नाही. आज मागत होत्या. हो म्हणून टाकलं तर यांतलीच कुठलीतरी बांधून घ्यायची आणि घरी जायचं. दुपार तरी बरी गेली असती.

"नाही, वन्सं," त्या म्हणाल्या. "मला स्पष्ट दिसतंय."

"तुला दिसणारच," वन्सं म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्यांच्या चुकाच शोधल्यास तू." आणि पायरी चाचपत रस्त्यावर उतरल्या. दुकानदार वहिनींच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या त्यांना. उद्यावर टाकू नका."

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती आणि सरळ बोलत होती. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. डावा जाऊ लागला होता. इंजेक्शनं घेऊन तो थोपवता येईल, असं तिला वाटत होतं. मात्र गेलेलं परत येणार नव्हतं. कडेचं दिसत राहील, घरात वावरता येईल, वाचायला त्रास होईल.

"दुर्बीण?" वन्संनी एवढंच विचारलं.

"दुर्बीण चित्र मोठं करेल. डाग जागचा हलणार नाही." मग डॉक्टरनं विचारलं, "लवकर का नाही आलात? चुकतंय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

परत येताना दोघी पायीच निघाल्या. वन्संनी वहिनींचा हात धरला नव्हता, पण त्यांच्या पावलांच्या आवाजावर चालत होत्या. वळणापाशी त्या थांबल्या.

"त्या रविवारी तो बगळा होता ना?"

वहिनीही थांबल्या. "नाही."

"मग?"

"पिशवी होती, वन्सं. प्लास्टिकची."

"आणि डॉक्टर 'दिसला' म्हणाले."

"सगळेच म्हणाले."

"आणि तू?"

"मी गप्प बसले."

वन्संनी मान हलवली, वर्गात चुकीचं उत्तर ऐकल्यावर हलवायच्या तशी, आणि चालू लागल्या.

दोन दिवसांनी दातांचे डॉक्टर घरी आले. त्यांना निरोप वन्संनीच दिला होता. खुर्चीच्या अगदी टोकावर ते बसले. पाण्याचा पेला त्यांनी हातात धरला तो तसाच राहिला.

"दाढ किडलेली असली तर तुम्ही पेशंटला चांगली आहे म्हणून सांगता का?" वन्संनी विचारलं.

"नाही, बाई."

"मग मला का सांगितलंत?"

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला बघायला तुम्ही शिकवलंत. तुम्हाला चुकलात म्हणायला जीभ रेटेना. आधी एकदा झालं, वाटलं, होतं एखाद्या वेळी. मग पुन्हा झालं. आणि मग आम्ही सगळे..."

"तुम्ही सगळे मला सांभाळत होता."

"हो."

"तुम्ही सांभाळलंत आणि माझा डोळा गेला." त्यांचा आवाज चढला नाही. "जा आता. रविवारची माणसं तुम्ही न्या. आणि कुणी चुकलं तर चुकलं म्हणा."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यातला बोल आपल्यालाही आहे, हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. ते काही आठवडे आधी आलो असतो तर डावा डोळा किती वाचला असता, हे त्यांनी पुढच्या खेपेला डोळ्यांच्या डॉक्टरला एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, सांगता येत नाही. वहिनींना वाटलं, काहीतरी ठाम सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

वन्सं इंजेक्शनं घेत राहिल्या. डावा डोळा तिथल्या तिथे थांबला. पण त्या घराबाहेर पडेनात. खिडकीशी बसायच्या आणि बाहेर काही ओरडलं की चेहरा आत वळवायच्या. भांडायच्याही बंद झाल्या. दार उघडं टाकलेलं असायचं, वहिनी लावून घ्यायच्या, आणि त्यावर एक अवाक्षर यायचं नाही. वहिनींना ते भांडणापेक्षा जड गेलं.

एका सकाळी वहिनी पुन्हा त्या दुकानात गेल्या. दुकानदारानं ओळखलं. त्यांनी मोठी दुर्बीण मागितली नाही. हात थरथरतात, चष्मा काढता येत नाही, मान दुखते, हे सगळं सांगितलं आणि हातात धरून, उभं राहून, बसून, पुन्हा उभं राहून पाहिलं. दहा पटीची ठेवून दिली, कारण तिच्यात खांबावरचा कावळा नाचत होता. शेवटी आठ पटीची, बत्तीसची, हलकी घेतली. बोट ताणावं न लागता चाकापर्यंत पोचत होतं. शिवण तपासावी तशी त्यांनी तिची प्रत्येक फट बोटांनी तपासली. दुकानदार कंटाळला नाही.

घरी येऊन त्यांनी ती वन्संच्या मांडीवर ठेवली.

वन्संनी हात फिरवला. "ही कुणाला?"

"मला."

"तुला? तुला चिमणी आणि कबुतर यापलीकडे काही येत नाही."

"म्हणून तर म्हणते, शिकवा."

"मी काय शिकवू? मला दिसत नाही."

"मला दिसतं, पण कळत नाही," वहिनी म्हणाल्या. आणि मग, सांगायचं ठरवलं नव्हतं तरी, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, वन्सं. ते काही आता भरून येत नाही."

वन्संनी "नाही येत" असं म्हटलं. पुष्कळ वेळ दुर्बिणीचा पट्टा त्यांच्या बोटांत फिरत राहिला. मग त्या म्हणाल्या, "पट्टा फार लांब ठेवलायस. पोटावर आपटेल. छातीशी आण."

शिकवणं काही सोपं गेलं नाही. उजवा डोळा मिट, मधलं चाक फिरवून डाव्यानं स्पष्ट कर. आता डावा मिट आणि उजव्या नळीवरचं कडं फिरव. ते एकदाच जुळवायचं, तुझ्या डोळ्यांपुरतं. परत हात लावायचा नाही. वहिनी नेमका उलटा डोळा मिटायच्या. दुर्बीण लावून पक्षी शोधू नकोस, वन्सं ओरडायच्या. आधी नुसत्या डोळ्यांनी बघ, नजर तिथेच रोखून धर आणि दुर्बीण उचलून डोळ्यांना लाव. सूर्याकडे चुकूनही नाही. कोपर बरगडीला टेकव. श्वास सोड. घरात पुन्हा आवाज चढू लागले आणि शेजारीण विचारायला आली, सगळं ठीक आहे ना.

मग एक दिवस दोघी तळ्यावर गेल्या. रविवार नव्हता, मंडळी नव्हती. वन्सं दगडावर बसल्या, वहिनी शेजारी उभ्या राहिल्या.

"एक आहे. चिखलात."

"एक काय? सांग नीट."

"लहान. पाठ तपकिरी, मळखाऊ कापडासारखी. पोट पांढरं. खांद्यापाशी ते पांढरं वर चढलंय, काजाची चीर असावी तसं. आणि सारखं ढुंगण हलवतंय."

वन्सं हसल्या. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. "तुतवार. चोच?"

"सरळ. लांब नाही फार."

"तुतवारच. चालतोय ना काठाकाठानं? थांबत थांबत?"

"हो. आता थांबला. आता परत हलवतोय."

वन्संनी मान किंचित वळवली, डोळ्याच्या कडेनं काही सापडतंय का ते बघत. सापडलं नसावं. त्यांनी चेहरा खाली घातला. वहिनींनी दुर्बीण खाली घेतली नाही. काही समजूतही घातली नाही. फक्त सांगत राहिल्या: आता पाण्यात एक पाय, आता चोच चिखलात, आता एक किडा, मोठा आहे, गिळवत नाहीये.

"अजून सांग," वन्सं खाली बघतच म्हणाल्या.

मग लव्हाळ्यातून काहीतरी निघालं, करडं, वेगानं, पाण्याला लागून. वहिनींनी दुर्बीण फिरवली तोवर ते झाडांमागे गेलं होतं.

"काय होतं?" वन्सं ताठ झाल्या. "पंख बघ, पंखांवर काही होतं?"

"नाही बघता आलं."

"रंग?"

"करडा वाटला. पण खात्रीनं नाही सांगता येत."

वन्संनी तोंड उघडलं. एरवी एवढ्यावरही त्यांनी नाव सांगितलं असतं, आणि मंडळींनी माना हलवल्या असत्या. त्यांनी तोंड मिटलं.

"मग नाही कळलं," त्या म्हणाल्या.

"नाही कळलं," वहिनी म्हणाल्या.

वन्संनी गुडघ्यावर हात टेकला आणि दुसरा हात वहिनींकडे पुढे केला. वहिनींनी तो धरून त्यांना उठवलं. पुढे वाट ओलसर होती, म्हणून तो हात त्यांनी सोडला नाही, आणि दोघी तळ्याच्या कडेनं सावकाश चालू लागल्या.