विरोधाचा हात

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि रूपाला समजावून सांगितलं, की खांद्याजवळ दंडाच्या हाडाचे चार तुकडे झालेत, प्लेट आणि स्क्रू बसवावे लागतील. भूल, जोखीम, दवाखान्यातले दिवस, सगळं सांगून झालं. खाटेवरच्या झिपरूनानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, एवढंच विचारलं, "हात वर जाई का?"

जेवता येईल, सदरा घालता येईल, असं डॉक्टर म्हणाले.

"ते नही. वर जाई का?"

मग रूपाला सांगावंच लागलं. साक्रीजवळच्या त्यांच्या गावात तीस वर्षं ग्रामसभेच्या प्रत्येक ठरावाला विरोधाचा एकच हात वर जातो, तो नानांचा. आणि तो उजवाच. डावा एकदा मोडला तेव्हा हाडवैद्याने असा बसवला, की तो छातीच्या वर येतच नाही. आई गेल्यापासून घरात नानांशी वाद घालायला कुणी उरलं नव्हतं. ग्रामसभा तेवढी होती.

डॉक्टरांनी हसू दाबलं. खांद्याएवढा नक्की येईल, पुढचं व्यायामावर.

"खांदाएवढा हात कोनी मोजत नही," नाना म्हणाले.

पडले तेही विरोधापायीच. बाजारातून येताना एसटी चुकली, म्हणून सरपंच तोतारामच्या मोटारसायकलवर बसावं लागलं. तोतारामची कंबर धरायची नाही म्हणून हात मांडीवर ठेवून बसले, आणि पहिल्याच गतिरोधकाला रस्त्यावर आले. ओशाळलेला तोताराम रोज गावाहून धुळ्याच्या दवाखान्यात डबा आणायचा. नाना तो चाटूनपुसून खायचे आणि भाजीला नावं ठेवायचे.

ऑपरेशन झालं. पुढे तीन महिने नाना भिंतीवरून बोटं वर चढवत राहिले. शेजारणी विचारत, पाल मारता का?

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वेशीवर कमान बांधायचा ठराव आला. आरोग्य उपकेंद्राचं छत गळत होतं, पण कमानीला भराभर हात वर झाले. ग्रामसेवकांनी "विरोध?" म्हणून विचारलं, नानांकडे पाहिलं आणि आपणहूनच 'एक' लिहिलं. नानांनी हाताला त्रास देऊ नये, त्यांचं मत धरलंय, असं तोतारामनेही समजुतीने सांगितलं.

"भाऊसाहेब, ते पुसी टाका," नाना म्हणाले. "हात वर उना का मंग लिखा."

ग्रामसेवकांनी 'एक' खोडला.

हात निघाला. छातीशी थांबला, खांद्याशी थरथरू लागला. रूपाने आधाराला हात पुढे केला आणि मागे घेतला. घरी जायला उठलेली दोन-चार माणसं पुन्हा खाली बसली.

"निवांत येऊ द्या, नाना," तोतारामही टेकून बसत म्हणाला. "आम्ही बठेल शेतस."